उभ्याने विचारू नये

जांभळं आली. चार दिवसांपूर्वी संध्याकाळी अंबरनाथ पूर्वेला बाजाराच्या तोंडाशी दोघीजणी टोपल्या घेऊन बसलेल्या दिसल्या. सागाच्या पानांवर वाटे मांडलेले, शेजारी मिठाची एक फुटकी वाटी. मी मान खाली घालून पलीकडच्या बाजूने निघाले. दर वर्षी असंच करते, आणि दर वर्षी चार पावलं गेल्यावर परत फिरते, त्यांच्यासमोर उकिडवी बसते आणि विचारते, यंदा उशीर झाला नाही का जांभळांना?

बसून विचारते, उभ्याने नाही. ही अक्कल मला आली, पण जेव्हा तिचा उपयोग होता तेव्हा आली नाही.

जांभळांचा मोसम जेमतेम तीन आठवड्यांचा. मे सरता सरता टोपल्या दिसायला लागतात आणि पावसाने जोर धरला की संपलं, फळात अळी पडते. त्या दिवसांत आमच्याकडे हवा अशी असते की अंगातला कपडा सोलून काढावा लागतो. नळाचं पाणी पहाटेच कोमट येतं, येतं तेव्हा. झाडांखालचे रस्ते डागाळतात, चपला चिकटतात, साळुंक्या दिवसभर भांडतात. शाळा उघडायच्या असतात म्हणून दुकानांत खाकी कव्हरांचा वास, आणि पोरं एकमेकांना जांभळ्या जिभा काढून दाखवत फिरतात. मला हे दिवस फार आवडायचे. उन्हाळा संपलेला नाही आणि पाऊस आलेला नाही, मधल्या मधे कुणी काही मागत नाही असे दिवस. आता पहिली टोपली दिसली की मी रस्त्याची बाजू बदलते.

आधी माझ्याबद्दल सांगते. मी बोलकी नाही, कधीच नव्हते. आई म्हणते, ही जन्मली तेव्हासुद्धा रडली नाही, नर्सने चापट मारली तेव्हा नाइलाजाने एकदा काय ते. बघायला येणाऱ्यांसमोर मी कांदेपोहे ठेवायचे आणि तोंडात मूग धरून बसायचे. तीन-चार ठिकाणांहून निरोप आला की मुलगी चांगली आहे पण शिष्ट वाटते. शिष्ट नव्हते हो. समोरच्याला काय विचारायचं तेच सुचायचं नाही, आणि सुचेपर्यंत ती माणसं जिना उतरून गेलेली असायची. लग्न राहून गेलं. उल्हासनगर कॅम्प पाचला एका पडदे-चादरींच्या दुकानात बिलिंगला लागले, तिथेच अजून आहे. कोपऱ्यातली खुर्ची, समोर कॉम्प्युटर, गिऱ्हाइकाकडे मान वर करून बघायचीही गरज नाही. मी म्हटलं, वा, देवाने ऐकलं.

आमचे शेठ सिंधी. दुकानात कुणीही आलं की त्यांचं पहिलं वाक्य, "आओ साईं, बैठो." दुसरं, "पानी पियो." मग घरचं विचारायचं, मुलगी कितवीला, गुडघा कसा आहे, कुठून आलात, गर्मी किती वाढली. पडद्याचा प पण काढायचा नाही. नवीन सेल्समन आला की शेठ त्याला एकच धडा द्यायचे. "उभ्या गिऱ्हाइकाला माल दाखवू नको. उभा आदमी 'ना' बोलने के लिए ही खडा है. पहले बिठा." चौदा वर्षं हा धडा मी कोपऱ्यात बसून ऐकला. माझ्याशी त्याचा काही संबंध आहे असं मला एकदाही वाटलं नाही. मला काय विकायचं होतं कुणाला?

आणि आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील. आई म्हणायची, यांना विजेच्या खांबाशेजारी उभं केलं तर खांबाची विचारपूस करून येतील. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर होते, निवृत्त झाले तेव्हा निरोपाला गेटवरच्या चहावाल्यापासून समोरच्या कारखान्यातल्या लोकांपर्यंत सगळे आले होते. त्यांच्याबरोबर मंडईत जायचं म्हणजे शिक्षा. कोथिंबिरीच्या एका जुडीला पाऊण तास. मी दहा पावलं पुढे जाऊन, आपण यांच्याबरोबर नाहीच अशा चेहऱ्याने उभी राहायचे. ते हाक मारायचे, "अगं इकडे ये, या बाईंची मुलगी तुझ्याच शाळेत होती." आणि मी ऐकू न आल्यासारखं करायचे. हे लिहितानाही लाज वाटते.

अण्णांचं पहिलं वाक्य ठरलेलं होतं, "पाणी आलं का तुमच्याकडे?" उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आमच्या तिन्ही गावांत अनोळखी माणसाचं तोंड उघडायला याहून चांगली किल्ली नाही. बारवी धरणात पाणी किती उरलं, कपात कुठल्या वारी, मोटर लावून ओढतो तो मेला कोण, यावर सिंधी असो, मालवणी असो, उत्तरेकडचा असो, सगळ्यांचं एकमत. पाण्यावर दोन मिनिटं गेली की अण्णांचं दुसरं वाक्य यायचं, "गाव कुठलं?"

इथे प्रत्येक जण हे विचारतो, आणि उत्तर देण्याची पद्धतही ठरलेली. पन्नास वर्षं अंबरनाथला काढलेला माणूस, रेशन कार्ड इथलं, पोरं इथे जन्मली, पण गाव विचारलं की अंबरनाथ सांगणार नाही. संगमेश्वर सांगेल, पाटण सांगेल. इथे आपण राहतो, गाव ते वेगळं. अण्णा सतराव्या वर्षी गाव सोडून आले. तरी सांगायचे, माळशेजच्या वर, जुन्नरकडे. मी त्या गावाला उभ्या जन्मात चारदा गेले असेन. मलाही कुणी विचारलं तर मी तेच सांगायचे, माळशेजच्या वर. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं कधी कुणाच्या मनात आलं नाही.

मग अण्णा विसरायला लागले. आधी चष्मा, मग औषधं, मग आपला मजला कितवा ते. खालच्या मजल्यावरच्यांची बेल वाजवायचे आणि दार उघडणाऱ्या बाईंनाच घरात बसवून चहा विचारायचे. डॉक्टरांनी सांगितलं, हे उतरणीला लागलंय, वर चढणार नाही, एकटं सोडू नका. खिशात पत्त्याची चिठ्ठी ठेवायला सांगितली. पण एक गंमत होती, आज तिला गंमत म्हणवत नाही. सगळं गेलं तरी बोलणं गेलं नव्हतं. उलट आता जो तो अनोळखीच वाटत असल्यामुळे त्यांना बोलायला माणसंच माणसं मिळाली. पाणी आलं का, गाव कुठलं, पोरं किती, हसणं, पाठीवर हात. पहिल्या अर्ध्या तासात कुणाच्या बापाला कळलं नसतं की या म्हाताऱ्याच्या डोक्यात काही बिघाड आहे.

तीन वर्षांपूर्वीचा तो रविवार. दोन दिवसांच्या कपातीनंतर सकाळी पाणी आलं होतं. आई आणि मी पिंप, कळश्या, बादल्या, कुकरचं भांडंसुद्धा भरत होतो. अण्णा दारात येऊन म्हणाले, "चल, बारवीच्या रस्त्याला जाऊन जांभळं घेऊन येऊ." दर वर्षी ते तिथूनच आणायचे, बाजारातली त्यांना चालायची नाहीत. मी पाइप धरून उभी होते, अंग भिजलेलं, डोकं तापलेलं. म्हटलं, "पाणी भरू द्या आधी, मग बघू." वळून बघितलंही नाही. नळ गेल्यावर बाहेर आले तर चपला नव्हत्या. चिठ्ठी आदल्या दिवशीच्या शर्टाच्या खिशात, आणि शर्ट धुवायला टाकलेला.

पोलिसांत कळवलं. दवाखाने पाहिले. फोटो छापून घेतला, प्लॅस्टिकमध्ये घालून घेतला. मोबाइलवरचा फोटो दाखवला की लोकांना वाटतं काहीतरी फसवाफसवी आहे, छापलेल्या कागदाला अजून मान आहे. पण अण्णांचा चांगला फोटोच नव्हता घरात. कुणी मोबाइल पुढे केला की ते त्या धरणाऱ्याशीच बोलायला लागायचे आणि तोंड हललेलं यायचं. एकच स्पष्ट फोटो, निवृत्तीच्या दिवसाचा. उसना कोट, टाय, केसांना कलप, गळ्यात हार. तोच घेतला. दुसऱ्या दिवशी एका रिक्षावाल्याने सांगितलं की अशा एका बाबांना त्याने बदलापूरला सोडलं होतं, सगळा रस्ता गप्पा मारत होते. मी तशीच बारवीच्या रस्त्याला गेले.

त्या रस्त्याला झाडांखाली पाच-सहाजणी बसतात. पाड्यावरच्या बायका, पहाटे जांभळं पाडून आणतात. मी रिक्षा थांबवली, एक पाय आत, एक पाय खाली, आणि फोटो पुढे केला. हा माणूस पाहिला का? पहिलीने मान हलवली. दुसरी नाही म्हणाली. तिसरी, तिचं नाव बुधीबाई हे मला पुढे कळलं, तिने फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, म्हणाली, "नाय." मी घाईत तशीच रिक्षात बसून पुढे गेले. त्या आठवड्यात त्या रस्त्याला आणखी दोनदा गेले, आणखी दोनदा त्याच बाईसमोर तोच कागद नाचवला. तेच उत्तर.

अकराव्या दिवशी चौथ्यांदा गेले. खरं तर शोधायलाही नाही. घरात बसवेना म्हणून. रिक्षावाला सोडून गेला, परतीची मिळेना, ऊन असं की डोळ्यांपुढे काळं यायला लागलं. समोर सावली दिसली तिथे फतकल मारली. ती बुधीबाईची सावली. तिने काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली, मग पानावर मूठभर जांभळं ठेवली. मी खाल्ली. फोटो पिशवीत होता, काढायचं त्राण नव्हतं. आणि का कोण जाणे, तोंडातून अण्णांचंच वाक्य आलं. विचारलं, "पाणी कुठून आणता तुम्ही?"

ती सांगायला लागली. धरण त्यांच्या अंगणातून दिसतं, आणि पाण्याला मैलभर जावं लागतं. मी म्हटलं, ते पाणी आमच्याकडे येतं, येतं म्हणजे काय, बोंब आहे. ती हसली. मग तिच्या मुलीचं निघालं, आश्रमशाळेत दहावीला आहे, नाक उडवते. झाडाचं निघालं, यंदा मोहर गळाला. मी ऐकत होते, मधेच काही विचारत होते. आयुष्यात पहिल्यांदा एका अनोळखी बाईशी मी अर्धा तास बोलले असेन. आणि बोलता बोलता तीच म्हणाली, "तुझ्यावानीच येक बाबा बसला व्हता हितं. लय गोड बोलला. माज्या पोरीची समदी इचारपूस केली."

मी विचारलं, कधी.

"झालं धा-बारा दिस. म्या गाव इचारलं, तं म्हनला माळशेजच्या वरतं. गाडी चुकली म्हनला, घरी जायाचं हाय. आता म्हातारा मानूस, उन्हाचा कुठं जाईल? भाजीचा टेम्पो जातो ना तिकडं रिकामा, वळखीचा हाय, त्यात बशिवला. जांभळं बी दिली बांधून."

मी फोटो काढला. तिने तो हातात घेतला, पहिल्यांदाच हातात घेतला, कारण पहिल्यांदाच मी तो तिच्या शेजारी बसून दिला होता. बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, ह्यो तर सायेब हाय. मग अंगठ्याने तिने तो टाय झाकला, हार झाकला, फक्त तोंड ठेवलं. आणि तिचा हात थांबला. मी तिला म्हटलं, मी तीनदा विचारलं होतं हो तुम्हाला. माझा आवाज चढला असणार. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "उभ्यानं कागूद दावनारा मानूस आमाला उठवाया येतो, बाय. त्याला म्या नायच म्हनते. तू बसली असतीस तं..."

तिच्यावर राग धरायला जागा नव्हती. त्या रस्त्यावर गाडीतून एक पाय खाली टाकून, हातात कागद घेऊन जो येतो तो टोपली उचल म्हणायलाच येतो. तिचं नाही बरोबर होतं. चुकलं ते माझं उभं राहणं.

दुसऱ्या दिवशी तिने तो टेम्पो थांबवला, मी त्याच टेम्पोत बसून घाट चढले. ड्रायव्हरने सांगितलं, बाबांना गावाच्या फाट्यावर उतरवलं, चहा पाजला, ते सगळा घाट माझ्या पोरांची नावं विचारत होते. फाट्यावरच्या चहावाल्याने आपला बाक दाखवला. इथेच बसले होते, म्हणाला. दोन दिवस. सोमवारी आणि मंगळवारी. येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत होते, कुणी वडापाव दिला, कुणी चहा. रात्री याच्याच पडवीत झोपले. एकाने मोटारसायकलवरून गावातही नेऊन आणलं, पण आमचं घर विकून वीस वर्षं झाली, तिथल्या बाईने भाकरी वाढली आणि हे इथले नाहीत म्हणाली. बुधवारी सकाळी एका भल्या माणसाने त्यांना नारायणगावच्या एसटीत बसवून दिलं. कारण ते म्हणत होते, घरी जायचंय, गाडी चुकली.

सोमवार म्हणजे मी बुधीबाईसमोर पहिल्यांदा उभी राहिले तो दिवस. मी खाली बसले असते, पाणी मागितलं असतं, पाच मिनिटं मोहराबद्दल बोलले असते, तर संध्याकाळपर्यंत मी त्या बाकासमोर असते. नारायणगावला कुणी पाहिलं नव्हतं. पुढे काहीच नाही. तीन वर्षं झाली, पुढे काहीच नाही.

मी पुष्कळदा रात्रीची नाही, भर दुपारी दुकानात बसून ती साखळी मनात ओढून बघते. रिक्षावाला, बुधीबाई, टेम्पोवाला, चहावाला, एसटीत बसवून देणारा. एकजणही वाईट वागला नाही. कुणी हिडीसफिडीस केलं असतं, दोन शब्द वाकडे बोललं असतं, तर अण्णा बावरून जिथल्या तिथे बसले असते आणि सापडले असते. पण सगळे त्यांच्याशी गोड बोलले. सगळ्यांनी गाव विचारलं. सध्या राहता कुठे, हे एकानेही विचारलं नाही. मीही विचारलं नसतं. आपल्यात तसं विचारतच नाहीत.

त्या मोसमानंतर मी बोलायला लागले. शेठजींनासुद्धा नवल वाटलं. शेअर रिक्षाच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकड्यावर, शिवमंदिराच्या पायऱ्यांवर, मटकीवाल्याजवळ, जिथे माणूस बसलेलं दिसेल तिथे मी शेजारी बसते. नाव आधी विचारायचं नाही, ते पोलिसांसारखं होतं. हातात जे असेल त्याच्याबद्दल बोलायचं. पिशवीतला फणस कापलेला आहे की अख्खा, ही साडी कुठली, तुमच्याकडे पाणी किती वाजता. मग समोरच्याला बोलू द्यायचं. माणसं किती बोलतात! नवऱ्याने टाकलेलं, पोराने घर नावावर करून घेतलेलं, किडनीतला खडा, सगळं सांगतात. बाजारात आता मला बायका लांबून हात करतात. कोण कुठली बाई आपुलकीने चौकशी करते, असं म्हणतात माझ्यामागे. शिष्ट मुलगी गेली.

आणि प्रत्येक वेळी, बोलणं रंगात आलं की मी पिशवीत हात घालते. शेठचा धडा. आधी बसव, पाणी दे, मग माल दाखव.

फोटो बाहेर आला की समोरचा चेहरा बदलतो. बहुतेकांना कळवळा येतो, अरेरे म्हणतात, नीट बघतात, नाही म्हणतात. पण त्या कळवळ्याच्या आधी एक क्षण असतो, तो मला आता ओळखू येतो. गेल्या वर्षी उल्हासनगरच्या एका दवाखान्यात हात मोडलेली एक म्हातारी शेजारी होती. तासभर बोललो. ती एकटी राहत होती, चार दिवसांत कुणाशी बोलली नव्हती, मला घरी ये म्हणाली, पत्ता सांगितला. मग मी फोटो काढला. तिने तो पाहिला, परत दिला, आणि सावकाश म्हणाली, "म्हणजे एवढा वेळ तू याच्यासाठी बोलत होतीस होय?" मी नाही नाही म्हटलं. तिने आपली पिशवी माझ्या बाजूच्या मांडीवरून उचलून पलीकडच्या मांडीवर ठेवली.

तिचं म्हणणं खरंच होतं. अण्णा बोलायचे ते उगीच बोलायचे, त्यातून त्यांना काही काढायचं नसायचं. मी गळाला आमिष लावून बसते. बोलणं तेच, हसणं तेच, पाण्याचं वाक्यही त्यांचंच. ज्या गोष्टीची मला त्यांच्या हयातीत लाज वाटली ती मी आता रोज करते, आणि खोटी करते. बघा, हयातीत लिहून गेले. खोडत नाही.

परवा बारवीच्या रस्त्याला गेले होते. दर मोसमात एकदा जाते. बुधीबाई म्हातारी दिसायला लागली आहे. आम्ही अण्णांचं काढत नाही. तिची मुलगी बारावी होऊन आता बदलापूरला एका दुकानात लागली, अजून नाक उडवते. मी बसले होते तेवढ्यात एक जोडपं गाडीतून उतरलं. बाई बोलकी होती, लगेच जमिनीवर टेकली. बुधीबाईने द्रोण भरता भरता तिला विचारलं, "ऱ्हाता कुठं?" ती बाई म्हणाली, गाव ना, गाव आमचं रत्नागिरी. बुधीबाई म्हणाली, "गाव नाय इचारलं. ऱ्हाता कुठं ते सांग." जरा जोरातच म्हणाली. बाई दचकली. मी दुसरीकडे बघितलं.

आणि आज. आज शनिवार, दुकानाला दांडी. पावसाळ्याआधी दळणं उरकायची म्हणून चक्कीवर ही गर्दी. माझा डबा बाराव्या नंबरला, अकराव्या नंबरची बाई माझ्याच वयाची, डब्यात भाजणी. मी विचारलं, कसला वास येतोय इतका खमंग, धने जास्त घातलेत का? ती म्हणाली धने नाहीत, मेथी, सासूची पद्धत. मग सासू निघाली. सासू ऐंशीची, लपवून बर्फी खाते आणि कागद देवाच्या पाठीमागे टाकते. देव पुढे यायला लागले तेव्हा सापडली. मी हसले. मोठ्याने हसले, चक्कीवाल्याने मशीनच्या आवाजातून मान वर केली. मग मी तिला आमच्या दुकानातल्या पडद्यांच्या एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली, तशी तीही हसली. पिठाची धूळ उडत होती, दोघींच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या. नंबर आला, ती गेली, जाताना हात केला. मीही दळण उचललं आणि चालत घरी आले. पाय हलके होते.

आईने दार उघडलं. रोज ती एकच विचारते, आजही विचारलं, "कुणाला विचारलंस का आज?"

तेव्हा मला कळलं की मी विचारलं नाही. विसरले असं नाही. विसरायला आधी मनात यावं लागतं. पाऊण तास मी एका बाईशेजारी बसले, बोलले, हसले, आणि पिशवीत हात घालावा हे मनातच आलं नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा मी उगीच बोलून आले होते. आणि उगीच बोलता यायला काय सुटावं लागतं तेही त्याच वेळी कळलं, उंबऱ्यातच.

मी आईला म्हटलं, "विचारलं. चक्कीवर एक बाई होती. नाही पाहिलं म्हणाली."

आईने माझ्या हातातला डबा घेतला. माझ्या पापण्यांवरचं पीठ पदराने पुसलं. म्हणाली, "फोटो इथेच आहे गं. फ्रिजवर. सकाळी राहिला."

ती डबा ठेवायला आत गेली. तिथूनच, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "मी परवापासून दोघींचाच भात लावते. तुला सांगितलं नाही." तीन वर्षं ती तिघांचा लावत होती. कधी दार वाजलं तर पानात काही असावं म्हणून. उरलेला आम्ही सकाळी फोडणीला टाकायचो, आणि परवापासून फोडणीचा भात झाला नव्हता, माझ्या तेही लक्षात आलं नव्हतं.

मी हातपाय धुतले. पानं घेतली. जेवताना आईने विचारलं, भाजणीत मेथी किती घालते म्हणाली ती? मी सांगितलं. भात दोघींना बरोबर पुरला.